बरणीत किती चिंचोके

अंबडच्या ऑफिसात रात्रीचे पावणेदोन.
द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचं तापमान सांभाळणारा आमचा प्रोग्राम
आठवड्यातून एकदा मरतो,
कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी,
आणि आम्ही बघत बसलो की
पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा गुणी वागतो.

नोंदीत एवढंच:
जी जागा रिकामी म्हणून सोडून दिली
तिथे कुणीतरी अजून वाचत बसलं होतं.

मी खुर्ची मागे ढकलली.
हे मला माहीत आहे.
हे मी केलेलं आहे, एकोणिसाव्या वर्षी, खडूने.

दिंडोरी नाका. टायरच्या दुकानावर
खैरनार सरांची अभ्यासिका.
वर्गणी दीडशे, पंखे दोन, ट्यूबलाइट सहा.
दाराशी फळा, फळ्यावर आकडा.
येणाऱ्याने एक वाढवायचा, जाणाऱ्याने एक कमी करायचा,
जो शून्य लिहील
त्याने दिवे घालवायचे, कुलूप लावायचं,
किल्ली टायरवाल्याच्या शटरखालून आत सरकवायची.

त्या संध्याकाळी फळ्यावर सात.
मी सात वाचलं आणि बाटली भरायला वळले.
तेवढ्यात विनिता गांगुर्डे आली,
तिनेही सात वाचलं, आठ लिहिलं, आत गेली.
मी बाटलीचं बूच लावत आले,
मनातलं सात अजून ताजं,
फळा न बघताच पुसला
आणि जरा बऱ्या अक्षरात
आठ लिहिलं.

माणसं नऊ.

रात्री साडेदहाला शून्य लिहिलं तेही मीच.
सहा बटणं, खटाखट. कुलूप.
मागच्या कपाटाआड रोहिदास कोठावदे
बँकेच्या परीक्षेची गणितं सोडवत.
डिसेंबर होता.
निफाडची थंडी त्या रात्री नाशकात मुक्कामाला होती.
सकाळी टायरवाल्याने दार उघडलं
तर हा वर्तमानपत्रं पांघरून बसलेला.
म्हणाला, फळ्यावर काय होतं?

सर ओरडले नाहीत.
फळा उतरवला, घरून चिनीमातीची बरणी आणली.
तोंड इतकं अरुंद की एका वेळी एकच हात,
तोही बांगड्या काढून.
येताना एक चिंचोका आत, जाताना एक बाहेर.
म्हणाले, वाचा, मनात धरा, मग लिहा,
या तीन गोष्टींच्या मधल्या फटीत पोरगं अडकलं आपलं.
आता फटच नाही.
हात आत आहे तोवर बाकीच्यांनी जिन्यात उभं राहायचं.
शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती येईल, दिवे त्याचे.
आणि एकदा बरणी रिकामी झाली
की पायरीवर कुणीही भेटो,
परत आत टाकायचा नाही. उद्या या म्हणायचं.

पुढे एकदाच बिनसलं.
विनिता म्हणे, तू निघालास की मी निघते.
रोहिदास म्हणे, आधी तू.
दोन चिंचोके एकमेकांना धरून
पहाटे तीनपर्यंत, सहाही ट्यूब चालू.
यावर सरांकडे उपाय नव्हता.
आमच्याकडेही, खरं सांगायचं तर, अजून फारसा नाही.

अडीचला मी दोन ओळी बदलल्या.
प्रोसेसरकडेही एक बरणी असते,
जरा महाग पडते, बाहेर हात खोळंबतात.
आठ थ्रेड सोडले, दहा लाख वेळा घे, दहा लाख वेळा सोड.
चहा थंड झाला.
शेवटी शून्य. आणि ते शून्य
एकालाच दिसलं.

मग उगाचच आठवलं:
अभ्यासिकेतल्या माझ्या शेवटच्या दिवशी
खालून भावाने हाक मारली, वडिलांना सिव्हिलला नेलंय,
मी तशीच पळाले.
चिंचोका काढायचा राहिला.

सर नंतर कधीतरी म्हणाले, त्या दिवसापासून
बरणी रिकामी होईचना.
रोज रात्री वाटे, कुणीतरी आत आहे.
बिल आलं तेव्हा कुठे मोजले.

चुकीच म्हणायची ती. आमच्या भाषेत गळती.
पण रोहिदासला अंधारात कोंडणारीही मीच,
आणि जिच्यासाठी आठवडाभर दिवे जळले तीही मीच.
दुसरी चूक मी अजून
दुरुस्तीच्या यादीत टाकलेली नाही.