नखभर साल

घर विकताना मुलाने सगळं सांगितलं:
शेगडीचा धूर कुठे अडतो,
कोणती खिडकी पावसाळी हवेत फुगते,
मीटर अजून कोणाच्या नावावर आहे.
मागच्या झुडपांबद्दल एक अक्षर नाही.
"ती आईची," म्हणाला, आणि किल्ल्या दिल्या.

मी कालामाची.
एकतीस वर्षं तांब्याच्या खाणीत ट्रक हाकला,
जिथे हिरवं म्हणजे दगडावरचा कळक,
आणि दारातल्या एकुलत्या झाडाला
भांड्यांचं शेवटचं पाणी घालायचं,
तेही साबण खाली बसल्यावर.
इथे वाल्दिविआत
आकाशच सकाळपासून भांडी विसळत असतं.

नावं येईनात,
तेव्हा वागणुकीवरून हाका मारू लागले.
ओरबाडणारी.
कुंपणाला टेकून उभा राहणारा उधारीवाला.
कुत्र्याच्या खोपटामागची ती,
जिच्याकडे फक्त मुंग्यांचं जाणं-येणं.

रुदेसिंदा कुंपणापलीकडून हसली.
ओरबाडणारी मिचाय निघाली.
"सप्टेंबरात बघ, काट्यांतून नारिंगी पेटते."
उधारीवाला चिल्को: लाल कानातलं, जांभळा लोलक,
हवा तितका छाट, रागावत नाही.
आणखी एकीची पानं तिने चुरगळून हुंगली,
"मुर्ता. फळाला मार्चपर्यंत हात लावू नकोस."
मी जानेवारीतच लावला.
माझं वाकडं तोंड तिने पाहिलं; बोलली नाही.

चुका सगळ्या माझ्याच.
मला वाटायचं, पाणी घालणं म्हणजे माया.
झड लागलेली असतानाही झारी घेऊन जायची, सवयीने,
नि भिंतीजवळची राखाडी पानांची ती
बुडाली माझ्याच हातून.
उपटली तेव्हा मुळं काळी,
ओल्या काडेपेटीसारखी निरुपयोगी.

दुसरीला ऐन जुलैत
शाळकरी पोराचे केस कापावेत तशी कापली.
तिला निळे गेंद येतात म्हणे,
पण जुन्याच काडीवर.
दोन उन्हाळे ती नुसती पानं दाखवत राहिली,
अबोला धरलेल्या बाईसारखी,
काम चोख, शब्द नाही.

राहिली खोपटामागची.
ऑगस्टमध्ये तिच्या नुसत्या काटक्या.
मी कुदळ घेऊन गेले.
थांब, रुदेसिंदा ओरडली,
आधी नखाने साल खरवड.

खरवडली.
आत हिरवं.
ओलं, कोवळं, बोटाला लागणारं.
खाणीत असाच दगड खरवडून बघायचो आम्ही,
आणि हिरवं दिसलं
की सुरुंग लावायचो.

कुदळ कुंपणाला टेकवून ठेवली.

हिचं नाव रुदेसिंदालाही ठाऊक नाही.
शाळेच्या कुठल्याशा सहलीहून बाई
ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून आल्या होत्या,
एवढं आठवतं तिला,
किंवा ती दुसऱ्याच कुणाची गोष्ट असेल.
मी मुलाला फोन केला.
बराच वेळ तो गप्प. मागे बसचा आवाज.
मग म्हणाला, फुलं आली तर सांगाल का,
कुठल्या रंगाची?

आज ऑक्टोबरची सतरा.
टोकांना काहीतरी फुगलंय.
कळी असेल, पान असेल.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, कळलं नाही.

रिमझिम सुरू झाली.
झारी मी आत ठेवून आले आहे.