सोडण्याचं कारण

शंभरीसाठी पुस्तिका हवी होती, पन्नास पानांची,
आणि गावात रिकामं असं माझ्याखेरीज कोणी नव्हतं.
म्हणून पोस्टाच्या मागच्या खोलीत,
पंखा हजेरीपटावरून वळवून ठेवून,
मी मर्राबिनची शाळा वाचतेय,
अठराशे अठ्ठ्याऐंशीपासून.

पहिली शाळा लोकरीच्या गोदामात.
वह्या इतक्या तेलकट की शाई बसायची नाही,
अक्षर मेंढीसारखं बाजूला सरकायचं.
मिस युफेमिया ट्रास्क, तीही अर्धीच आमची:
सोमवार, बुधवार, शुक्रवार इथं,
मंगळवार, गुरुवार नदीपल्याड.
सातचा पाढा पलीकडे एक दिवस उशिरा पोचायचा.
पूर आला की दोन्ही काठांना सुट्टी,
आणि मधोमध पोटापर्यंत पाण्यात घोडा,
घोड्यावर मिस ट्रास्क,
टोपीत खडू.

पटाला शेवटचा एक रकाना आहे: सोडण्याचं कारण.
मास्तर बदलतात, अक्षरं बदलतात, रकाना तोच.
गव्हाची कापणी.
आई वारली, धाकटं सांभाळायला.
रेल्वेत लागला.
बूट नाहीत.
सिस्टरांच्या शाळेत गेली
(इथे टाक जरा जास्तच दाबलाय;
त्या शाळेचं नि आमचं कुंपण एकच होतं,
आणि दगड दोन्हीकडचे).
पुन्हा गव्हाची कापणी. पुन्हा.
एका वर्षी नुसतं, नदी.

मग एकोणीसशे एकतीस, मार्च.
तीन ओळी सलग:
मर्टल डनरॉबिन, क्लॅरी डनरॉबिन, ओपल डनरॉबिन.
ज्यांच्या बोलीतून या गावाने नाव उचललं
त्या नदीकाठच्या पत्र्याच्या वस्तीतली पोरं.
मर्टल एकसष्ट दिवस, खाडा एकही नाही.
ओपल चार दिवस.
कारण: कोरं.

कोरं कागद सोडत नाहीत, हे मला आता कळतं.
फायलीत पत्र सापडलं, शिक्षण खात्याला,
"आमच्या मुलांच्या आरोग्याच्या काळजीपोटी",
खाली अकरा सह्या.
चौथीतला तो मागे रेललेला एच
मी कुठेही ओळखेन.
माझ्या वाढदिवसाच्या कार्डांवर असायचा,
आत दहा शिलिंगांची नोट.

नेव्हिल स्ट्राउड, अध्यक्ष, केक घेऊन आले.
म्हणाले, क्रीडास्पर्धांचे फोटो छान आलेत,
पान बावीस भरलंच आहे की.
वाईट माणूस नाही तो. केकही चांगला होता.

ओपल इस्पितळाच्या धोबीखान्यात असते,
अजून दोन महिन्यांनी निवृत्त.
चादरीचं एक टोक तिने माझ्या हातात दिलं,
आम्ही घड्या घालत बोललो.
मी म्हटलं, पटात चार दिवस आहेत.
"पाच," ती म्हणाली.
"पाचव्या दिवशी पायऱ्यांवर होते मी.
दार लागलं तरी, घंटा होईस्तोवर.
तो धरत नाहीत का?"
आणि पुढची चादर घेतली.

शाळा अडुसष्ट साली करवतीने दोन तुकडे करून
ट्रकवर चढवून नेली.
आता शेजारच्या गावात टेनिस क्लब आहे ती,
फळ्याच्या जागी चषक.
पोरं बसने त्रेचाळीस किलोमीटर जातात.
इथे उरल्यात सिमेंटच्या चार पायऱ्या,
पेपरकॉर्नच्या झाडाखाली.
चढून गेलं की पुढे गवत.
परवा बसले होते तिथे थोडा वेळ.
मुंग्या फार आहेत.

पान बावीस मी रात्री पुन्हा लिहिलं.
ओपलचे दिवस पाच केले.
कोऱ्या रकान्यात अकरा नावं,
चौथं आजोबांचं.

सकाळी छापखान्यातून फोन आला, नवा मुलगा होता.
"बाई, 'कारण'च्या खाली माणसांची नावं आलीत.
ओळी सरकल्यात का?"
नाही, मी म्हटलं.
बरोबर आहेत जिथल्या तिथे.
स्पेलिंग तेवढं नीट बघ,
आमच्या आडनावात दोन एल आहेत.