खळ आणि नीळ

तांबडं फुटायच्या आत पोचायचं तळ्यावर.
ऊन वर आलं की शेवाळ श्वास सोडतं
आणि आकडा फुगतो.
फुगलेला आकडा शिवलीला मॅडम लगेच ओळखतात,
"इवत्तु उशीर काय, तुळसाक्का?"
लाज वाटते. म्हणून पावणेसहालाच येतो मी.

खानापूरपासून चार मैल. बांध नवा, मोरी नवी,
पाणी येतं त्या तोंडाला वाळा लावलाय, पाणकणीस लावलंय.
गाळ दोन उन्हाळे ट्रॅक्टरनं गेला,
निम्मा वीटभट्टीला, निम्मा कुंभारांच्यात.
गावात आता जो माठ घाम सोडतो
त्यात माझ्या सासऱ्याचा साबण असणार.

कारण आम्ही परीट.
एकतीस वर्षं या काठावर आपटल्या
दवाखान्याच्या चादरी, बँडवाल्यांचे लाल कोट,
मराठी शाळेच्या चड्ड्या, कन्नड शाळेच्या चड्ड्या,
दोन्ही निळ्या,
कुठली कुणाची ते बिब्ब्याच्या खुणेवरून मलाच कळायचं.
फेस पलीकडच्या काठाला जायचा. तिथं म्हशी.
म्हशींनी कधी तक्रार केली नाही.
केली ती माशांनी, एका मार्गशीर्षात,
एका रात्रीत, पोटं वर करून.

देवळात बैठक झाली. साबणाचा विषय निघाला
तेव्हा माझ्याकडं कुणी बघितलं नाही.
तेच जास्त लागलं.

धाकट्यानं पुढं बाजारात दोन मशिनी टाकल्या.
माझ्याकडं ही पेटी आली:
बाटल्या, रंग बदलणारे कागद, दोरी,
आणि पत्र्याची थाळी, अर्धी काळी अर्धी पांढरी.

बाटली पाण्यातच भरायची, पाण्यातच बूच लावायचं,
एक बुडबुडा राहता कामा नये.
मग ह्याचे दोन थेंब, त्याचे दोन.
तपकिरी साका बसतो. तिसऱ्यानं तो विरतो,
पाणी कोऱ्या चहासारखं.
मग खळ.
होय, खळच, कपड्याला घालतात ती,
थेंबभर,
आणि बाटली निळी.

पहिल्या दिवशी हसायलाच आलं.
खळ आणि नीळ घेऊनच तर आलो होतो इथं,
हळदीचे हात वाळले नव्हते.
खरं तेव्हा नीळ चढवायची होती,
आता निळं जाईपर्यंत थेंब मोजायचे.
जितके थेंब, तितका माशांना श्वास.

पहिल्या साली दोन.
मग चार. गणपतीनंतर परत तीन,
हौद बांधून दिला होता, खरं रात्री कुणीतरी आणलाच.
आज सात.
दुसरी बाटली भरली. सात.

मष्णू म्हशी हाकत आला. "काय मोजूलास गं एवढं?"
"तुझ्या म्हशी किती मुतल्या ते."
तो हसला, म्हशी मात्र
वाळ्याच्या अलीकडंच वळवल्या त्यानं.

मग थाळी सोडली. दोरीला वितावितावर गाठ.
पूर्वी दुसऱ्या गाठीलाच दिसेनाशी व्हायची.
आज चार. पाच. सहा.
दोरी सैल पडली.
थाळी हरवली नव्हती, बसली होती
दगडावर. आमच्या.
मधे खोलगट, निम्मा सासऱ्यानं झिजवलेला, निम्मा मी.
बांध वाढवला तेव्हा पाण्याखाली गेला तो.
खळग्यात बोटभर मासा
तोंड लावून काहीतरी खरवडत होता,
आमच्यापेक्षा हळू.

वहीतले रकाने कन्नडमध्ये छापलेत. शेवटचा 'षरा'.
आमचा शेराच की तो.
त्यात मी मराठीत लिहितो,
मॅडमना वाचायला वेळ लागतो, लागू दे.
आज लिहिलं: थाळी दिसेनाशी झाली नाही.
दगड दिसला.
कुणाचा ते लिहिलं नाही.

औषधाचे हात तळ्यात धुवायचे नसतात.
घरनं आणलेली कळशी उचलली
आणि बांध उतरून पलीकडं गेलो.