तीस अँपियर

उणे चौतीस.
माझ्या ट्रकच्या जाळीतून प्लगची वायर लोंबते
कुत्र्याच्या जिभेसारखी.
जानेवारीत योर्कटनमधली सगळीच वाहनं
अशी जीभ काढून उभी असतात.

तेओडोर पिधिर्नी, वय एक्याऐंशी,
फोनवर म्हणाला होता, गाडीसाठी हवाय हीटर.
गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच.
टेबलावर पोट फाडलेलं अकॉर्डियन,
भाता एकीकडे, सुरांच्या पट्ट्या एकीकडे,
आणि बशीत मेण, थोडी राळ घातलेलं.
"थंडीत मेण तडकतं," चोरी पकडल्यासारखा तो म्हणाला,
"पट्टी सैल होते. मग गात नाही, कण्हते."

मी टेप काढली. चोवीस बाय बावीस.
भिंतीत भुसा, तोही निम्म्यापर्यंत बसलेला.
दाराखालून उजेडाची एक फीत आत येत होती,
म्हणजे थंडीला घरचंच आमंत्रण.

तीन हीटरची कात्रणं त्याने जपली होती.
पहिला छताला टांगायचा, लाल तारांचा, मुका.
हवा नाही तापवत. समोर येईल ते तापवतो.
तेओडोरचा जीव त्याच्यावर:
पंखा नाही, घरघर नाही, सूर लावताना कान मोकळे.
मी म्हटलं, समोर येईल ते, म्हणजे मेणसुद्धा.
तो बशीकडे बघत राहिला.

दुसरा साध्या प्लगवरचा, दीड किलोवॅट.
बूट वाळवायला ठीक.

उरला पंख्याचा. पाच किलोवॅट,
दोनशे चाळीस व्होल्ट, तीस अँपियर.
"मग सूर कधी लावू?"
बंद करून. आधी दाराला रबर लावू,
भिंतीत काचेची लोकर भरू,
मग तापवायचं, मग बंद करायचं.
ऊब टिकेल तेवढा वेळ तुझा.
"किती?"
वीस मिनिटं. वारा असला तर अकरा.
त्याने बोटं मिटत मिटत काहीतरी मोजलं.
"अकरा मिनिटांत दोन पट्ट्या होतात," म्हणाला,
"मेण नीट वागलं तर."

अंथरूण पाहून पाय, पॅनेल पाहून हीटर.
तळघरात उतरलो. पॅनेल गच्च.
प्रत्येक खाचेपुढे निळ्या शाईत बारीक अक्षर,
त्याच्या बायकोचं:
फ्रीजर. ड्रायर. पंप. भट्टी.
डॅरेन.

"त्याच्या खोलीतला हीटर," तेओडोर म्हणाला.
"कॅलगरीला असतो तो. एकोणीस वर्षं."
चालू आहे?
"कमीवर."

नवं पॅनेल म्हणजे अडीच हजार डॉलर,
ते सांगून झालं होतं.
मला दोन खाचा हव्या होत्या
आणि तिथे नेमक्या दोन होत्या.
मी स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात घेतला.

जिन्यावर स्टेफानिया उभी, कोपरापर्यंत पीठ.
कधीपासून, कोण जाणे.
"त्या खोलीत मी कांदे ठेवीन," ती म्हणाली.
"कांद्यांना ऊब मानवत नाही."
आणि वर निघून गेली.
पोळपाटावर तिचं लाटणं जरा जोरात चालत होतं.

शनिवारी बसवला.
शेवटी पॅनेलपाशी पेन उघडलं, 'गॅरेज' लिहायला,
तर लिहिलेलंच होतं.
निळ्या शाईत, कडेला दाटीवाटीने, शेवटची अक्षरं वर चढलेली,
कारण आधीचं नाव खोडलं नव्हतं.

गॅरेजमध्ये तासभर घरघर.
मग तेओडोरने खटका दाबला.
तापलेलं पत्र्याचं अंग टिकटिकत निवू लागलं,
ती टिकटिक थांबेपर्यंत तो थांबला.
भात्यात श्वास भरला. एक सूर.
मला तर बरा वाटला.
त्याने मान हलवली, पट्टी कानशीने
केसाएवढी खरवडली, पुन्हा वाजवली,
पुन्हा मान हलवली.

तेराव्या मिनिटाला मी हातमोजे चढवले.
तो अजून त्याच पट्टीवर होता.