कलेक्टरांची आंघोळ

आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते,
पहाटे साडेपाचला, नळात दोनदा खोकून.
आठवड्यातले तिचे दोन दिवस
कलेक्टरांचे.

कलेक्टर म्हणजे कुत्रा.
नाव मी ठेवलेलं नाही.
वरच्या खोलीतल्या दुर्गेश पाटीदारनं ठेवलं,
पीएससीच्या पहिल्या वर्षी. भंवरकुव्याला
क्लासच्या जिन्याखाली सापडलं होतं पिल्लू.
"काकी, दोघांपैकी एक तर होईलच."
तिसऱ्या निकालानंतर तो खरगोनला परत गेला.
गादी, टेबलफॅन आणि कलेक्टर मागे राहिले.
भाडं मात्र पैन्-पै चुकतं करून गेला.

दिवाळीनंतर कलेक्टरांच्या पोटावर पुरळ उठलं,
मग बगलेत, मग शेपटीच्या मुळाशी.
रुपयाएवढे लाल गोल, कडेला पापुद्रे,
आणि वास:
झाकण न ठेवता विसरलेल्या ताकाचा.
मी करंजेल चोळलं.
मुळ्येबाईंनी हळद सांगितली, तीही लावली.
पिवळे, तेलकट आणि आधीपेक्षा लाल कलेक्टर
दवाखान्यात न्यायला निघाले तेव्हा
रिक्षावाल्यानं आधी सीटवर पेपर अंथरला.

डॉक्टर सलूजांनी कातडी खरवडून काचेवर घेतली,
एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.
खरूज नाही, म्हणाले. जंतू आहेत, बुरशी आहे,
आणि तुमचं तेल आहे.
गुलाबी शाम्पूची बाटली दिली.
"फेस झाला की दहा मिनिटं तसाच ठेवायचा.
लोक दोन मिनिटांत धुतात
आणि मला येऊन सांगतात, औषध बेकार आहे."

दहा मिनिटं किती मोठी असतात
ते ओला कुत्रा धरून बसल्याशिवाय कळत नाही.
पाटावर मी, समोर कलेक्टर,
अंगाला पांढरा झगा, मान खाली,
थरथरणारे मागचे पाय.
चाटायला वळले की तोंड धरायचं.
डोळ्यांत फेस जाऊ द्यायचा नाही.
बोटांच्या बेचक्यात बोट घालून चोळायचं.
चौथ्या मिनिटाला माझ्या गुडघ्याला रग लागते.
पाचव्याला आठवतं:

पाचव्या मिनिटाला मी दार वाजवायची
दुर्गेश न्हाणीत असला की.
"पाणी फुकट येत नाही रे!
जलूदहून डोंगर चढवून आणतात."
आतून आवाज यायचा,
"काकी, जलूद आमच्याच जिल्ह्यात आहे."
आणि नळ बंद व्हायचा.

आता तेच पाणी मी गॅसवर कोमट करते,
एक बादली, दुसरी बादली,
फेसाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत तिसरी.

रविवारी त्याचा फोन येतो, खताच्या दुकानातून.
मागे कुणीतरी युरिया मागत असतं.
यंदा फॉर्म भरलास का, हे मी विचारत नाही.
"खाज कमी आहे का?" तो विचारतो.
कमी आहे. रात्री पाय आपटत नाहीत आता.
लव यायला लागलीय पोटावर.
"थांबवू नका हां, काकी, बरं दिसलं म्हणून."
हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

काल आठवी आंघोळ.
फाटकाशी एक मुलगा उभा, पाठीवर बॅग,
रात्रीच्या बसमधून थेट उतरलेला,
डोळे लाल.
"वरची खोली रिकामी आहे का?"
माझे हात कोपरापर्यंत फेसात.
म्हटलं, सातवं मिनिट चालू आहे, तीन मिनिटं थांब.
काय चाललंय हे न विचारता
तो पायरीवर बसला, घड्याळ बघत राहिला,
आणि बरोबर वेळेवर, परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखं म्हणाला,
"काकी, वेळ संपली."

मी तांब्या उचलायच्या आत
कलेक्टरांनी अंग झाडलं.
त्याच्या बॅगेवर, माझ्या चष्म्यावर,
भिंतीवरच्या मीटरवर फेसच फेस.