रायबंदरची शेवटून दुसरी फेरी

धक्क्यावर पाटी आहे: थांबा.
त्यातला ‘थां’ खाऱ्या वाऱ्याने अर्धा खाल्लाय,
तरी सगळे थांबतात.
मीही. बांबोळीहून सुटून आलेली,
हातांत अजून सेंट्रिफ्यूजची थरथर,
डब्यात दुपारचा अर्धा पाव.

कायतान उभा असतो पार टोकाला,
फळी पाण्याला टेकते तिथे,
पाटीपासून चांगला वीस पावलं लांब.
तो हात वर करतो, बोटं आत वळवतो,
आणि तीच पाटी पुन्हा वाचून
आम्ही पुढे सरकतो.

सतरा वर्षं नळ्यांतून रक्त फिरवलं,
फळ्यावरच्या आकृत्या उतरवून घेतल्या,
आणि कळलं ते इथे, स्कूटर ढकलताना:
पेशीलाही अशीच एक पाटी लागते.
यू, जी, ए. अर्थ एवढाच की
झालं, साखळी सोडून दे.
पण ओळीच्या पार टोकाला,
मजकूर संपल्यावरच्या कोऱ्या पट्टीत
आरएनएची एक गाठ उभी असते
बोटं आत वळवून.
मग जिथे संपायचं
तिथेच एक प्रवासी चढतो.

सेलेनियम.
गंधकाचा चुलतभाऊ, नाव मात्र चंद्रावरून.
अख्ख्या माणसात मिळून
चार-पाच मोहऱ्यांच्या वजनाचा.

यकृताच्या धक्क्यावरून प्रथिन सुटतं
दहा जागांचं.
रक्तातून जातं, मेंदूच्या काठाला लागतं.
तिथे कुणीतरी ताटकळत असतं
फक्त ह्याच बोटीची वाट बघत,
बाकीच्यांकडे ढुंकूनही न पाहता.
काही तुकडे मूत्रपिंडाकडे वाहत जातात.
ओहोटीला आमच्या चोडणच्या बायका
गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या वेचतात ना,
तसं तेही वेचून घेतं,
समुद्राला फुकट काही द्यायचं नाही म्हणून.

मागच्या साली दोन बोटी एकदम बिघडल्या.
तेव्हा कायतानने गाड्या मागे ठेवल्या,
मासळीची टोपली मागे ठेवली,
स्वतःच्या मेव्हण्यालाही.
आधी डायलिसिसचे पेशंट, मग नर्सा.
शिव्या खाल्ल्या.
शरीरही टंचाईत असंच वागतं:
स्नायू थांबतात,
यकृत स्वतः रिकामं होत जातं,
आणि मेंदू आपलं धरून राहतो
शेवटपर्यंत.

घरी मावशी.
उशाच्या घड्याळाखाली तिची थायरॉइडची गोळी,
चार आयोडिनांची, अजून झोपलेली.
त्यातलं एक काढून तिला जागं करायचं काम
ज्या एन्झाइमचं,
त्याच्याही पोटात हाच प्रवासी बसलाय.
मावशीला सांगितलं.
ती म्हणाली, तिसऱ्या निवडून ठेवल्यात,
रस्सा करू की सुकं?

सुकं, म्हटलं.

पण उपमा इथे फुटते, लपवून काय उपयोग.
कायतानची बोट परत येते.
त्याला चहा मिळतो, पलीकडचा आणि अलीकडचा.
ते प्रथिन परत येत नाही.
पलीकडचा त्याला अख्खं आत घेतो
आणि तोडतो, फळी फळी सुटी करून,
त्या दहा जणांसाठी.
यकृत उद्या दुसरं बांधतं.
पहिल्याची चौकशी कुणी करत नाही.

ताटात शिंपल्या वाजतात.
मी रिकाम्या एकात एक रचते,
मावशी म्हणते, खेळू नको, जेव.
खिडकीतून मांडवी दिसत नाही, फक्त इंजिन ऐकू येतं.
आता शेवटची फेरी असेल.
ह्या वेळी धक्क्यावर बहुधा कुणी नसतं.
तरी कायतान टॉर्च पेटवून
एकदा हात वर करतोच,
बोटं आत वळवून.