दोनशे ग्रॅम

काटा आला तेव्हा खोक्यावर एक झेंडा होता.
लाल की नारिंगी, आता कुणालाच आठवत नाही;
काट्यावरचा स्टिकर मीच खरवडला,
पोरं चाटायची म्हणून.

बैंगनवाडीत, पत्र्याच्या दवाखान्यात
बावीस वर्षं दर मंगळवारी मी लेकरं तोलते.
पगार तिकडून. गोळ्या तिकडून.
नळही तिकडून, म्हणजे पाइप तिकडून;
पाणी इकडचं,
त्यामुळे आलं तर येतं.

दर डिसेंबरात कुणी ना कुणी बघायला यायचं.
एक उंच बाई, चपला काढू का विचारायची.
त्यांच्याकडे म्हणे उन्हाळ्यात रात्री अकरालाही उजेड असतो.
मी म्हटलं, आमच्या गल्लीत दुपारी बारालाही दिवा लागतो.
दुभाषा हसला. पुढे सांगितलं नाही त्यानं.

गेल्या डिसेंबरात तिनं सायराला विचारलं,
इतक्या वर्षांत काय बदललं?
सायरा पहिल्या वर्षीची माझी. एक किलो नऊशे.
आता तिच्याच कडेवर साडेतीन महिन्यांचा.
सायरा म्हणाली, ह्यांना विचार, टाकी कधी धुणार.

ते कुठल्या रकान्यात गेलं, मला ठाऊक नाही.

मग पत्र आलं. मराठीत, फार शुद्ध:
प्रकल्पाने आपली उद्दिष्टे गाठली असल्याने.
पालिकेचे गायधनी डेडस्टॉक रजिस्टर उघडून बसले.
खुर्च्या सहा, पैकी मोडक्या दोन. फ्रिज एक. पंखा, चालू.
काट्यापाशी अडले.
"ह्याला नंबरच नाही हो बाई.
हा कुणाचाच नाही."

खरं सांगायचं तर तो एकदा पडला होता,
दहा-अकरा वर्षं झाली.
तेव्हापासून दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो.
वहीत मी वजा करूनच लिहायची.
वर्षाअखेरच्या तक्त्यात कधीकधी
नाही केलं वजा.
तिकडे कुणीतरी पोटाला चिमटा काढून नसेल,
पण कर तर भरतंच ना.
त्यालाही वाटू दे,
लेकरू अंगानं भरतंय.

आज मंगळवार. मार्चपासून पगार नाही.
बाहेर नऊ बाया, जरीचं काम अर्धं टाकून आलेल्या,
एकीच्या नखात अजून सोनेरी धागा.
कुलूप मीच उघडलं;
चावी कुणी मागितलीच नव्हती.
काटा टेबलावर ठेवते, पदरानं पुसते.

अजून कुणाला ठेवलं नाही त्यात,
आणि तो दोनशे ग्रॅम दाखवतोय.